सहातली चार कारणं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मालकांना नाही – ते गेले तेव्हा शेवटचे आठ दिवस मी उशाशी बसून होते, तेव्हाही जिभेवर आलं आणि गिळलं. लेकीला नाही. माझ्या मायला तर नाहीच नाही. आज तुम्हाला सांगते, ते तुम्ही माझे कुणी लागत नाही म्हणूनच असेल. जवळच्याला सांगायला छाती लागते, ती माझ्याकडं कधी नव्हती.

ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच होय? पोरीपोरींतली गोष्ट, शाळेतली. म्हणा. पण आधी पूर्ण ऐका.

अहमदपूरच्या पलीकडं आमचं गाव. तेव्हा लातूर जिल्हा झालेला नव्हता, आम्ही उस्मानाबादचे. आमच्या गावातून त्या साली अकरावीला – म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला – दोनच पोरी बसणार होत्या. एक मी, शकुंतला, जमिनीवाल्याची लेक. दुसरी कालिंदा, बौद्धवाड्यातली. तोवर गावात एकही पोरगी मॅट्रिक झाली नव्हती. माझ्या वडलांनी, आण्णांनी, पाराजवळ बसणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं की पहिली आमची शकू होणार. मीही ते धरूनच चालले होते.

साल बहात्तर-त्र्याहत्तरचं, दुष्काळाचं. विहिरी आटल्या, जनावरं विकली, आणि जमिनीवाले नि बिनजमिनीचे सगळे एकाच सडकेच्या कामावर खडी फोडायला आले. माझी माय कधी दुसऱ्याच्या बांधावर कामाला गेली नव्हती. तीही पदर पुढं ओढून गोट्यांपुढं बसली. तिच्या शेजारी कालिंदाची माय, आणि तिच्या शेजारी कालिंदा – बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले, हातात हातोडी. मला मात्र आण्णांनी हातोडीला हात लावू दिला नाही. परीक्षेआधीची सुट्टी लागली होती. मी मायसोबत जायचे, बाभळीखाली पुस्तक घेऊन बसायचे, आणि मुकादमानं सांगितलं की सगळ्यांना पाणी वाटायचे.

सुट्टी लागायच्या आधी हेडमास्तरांनी आम्हा दोघींना वर्गात उभं केलं होतं. म्हणाले, एकमेकीला धरून अभ्यास करा, दोघीही पास झाल्या पाहिजेत. कालिंदाला ते वेगळं म्हणाले – पोरी, तू मॅट्रिक झालीस की मास्तरीण होशील, ही हातोडी सुटेल. मी तिथंच होते. मान डोलावली मी. मनात म्हटलं, दोघी कशाला?

कालिंदाकडं गणिताचं आणि मराठीचं पुस्तक होतं, कुणाचं तरी जुनं. इतिहास-भूगोलाचं नव्हतं. आणि असतं तरी धरणार कुठल्या हातानं? दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी ती खडीवरनंच म्हणाली, "शकू, तू वाचायलीसच न्हवं? मग जरा मोठ्यानं वाच की. मला ऐकू यील एवढं."

बस. एवढंच मागितलं तिनं. पुस्तक नाही, वेळ नाही – आवाज थोडा मोठा. यात माझं काय जाणार होतं, सांगा?

मी वाचायला लागले. पहिले आठ दिवस मी अगदी मनापासून वाचलं – बघा, कबूल करायला बसले तरी आपलं चांगलं आधी सांगायची खोड जात नाही.

मग कळलं की तिला एकदा ऐकून पाठ होतं. एकदा! मी घरी डुलत डुलत दहादा घोकायचे आणि सकाळी निम्मं उडालेलं असायचं. ती दुसऱ्या दिवशी हातोडी चालवता चालवता आदल्या दिवसाचा धडा अख्खा म्हणायची, माझ्याच चालीत, मी जिथं श्वास घेतला तिथंच श्वास घेऊन. बाया हातोड्या थांबवून ऐकायच्या. मुकादमसुद्धा म्हणायचा, म्हण गं पोरी पुन्यांदा. आणि एका दुपारी कामावर वाटलेली सुकडी खाताना माझी माय – माझी सख्खी माय – कालिंदाच्या मायला म्हणाली, "लई डोक्याची हाय तुमची पोरगी. आमच्या शकूला डोळ्यापुढं पुस्तक लागतंय, ही नुसत्या कानानं शिकायली." कौतुकानं म्हणाली बिचारी. मला माझ्या हातातला घास कडू लागला.

त्या दुपारपासून माझ्या पोटात दुखायला लागलं. सरळच सांगते, मी जळत होते. माझ्याकडं सगळी पुस्तकं, कंपासपेटी, घरी निजायला खाट. तिच्याकडं ठिगळाचा परकर आणि ते एक डोकं. आणि मला तेच पाहिजे होतं. ती हसली की मला वाटायचं, मला हसली. ती गप्प बसली की वाटायचं, मनातल्या मनात धडा म्हणतेय. आणि यात तिच्या वाड्याचंही होतं, ते लपवून काय करू? बौद्धवाड्यातली पोरगी गावातली पहिली मॅट्रिक झाली तर आण्णांना काय वाटेल, लोक काय म्हणतील, असं मी स्वतःला सांगायचे. लोकांचं कशाला? मलाच सोसत नव्हतं. आमच्या आळीतली कुणी असती तर जळले नसते का? जळले असते. पण इतकं नाही.

मग एक दिवस वारं सुटलं आणि दोन पानं एकदम उलटली. मी वाचतच गेले. पुढं गेल्यावर ध्यानात आलं, पण तिच्या ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं तो धडा म्हणून दाखवला – मधली दोन पानं सोडून, ठणठणीत आवाजात. बायांनी माना डोलावल्या. मी बाभळीखाली बसून बघत होते. थांबवलं नाही. मला बरं वाटलं, हो, फार बरं वाटलं.

त्यानंतर वाऱ्याची वाट बघितली नाही मी. आदल्या संध्याकाळी घरी बसून ठरवायचे, उद्या काय गाळायचं. पेन्सिलीनं बारीक ठिपका द्यायचे. कुठल्या नदीच्या दोन उपनद्या, कुठल्या तहाचं एक कलम, कुठं सालच. एकदम मोठा तुकडा नाही काढायचा, ती हुशार होती, तिला शंका आली असती. असा अभ्यास मी परीक्षेचा केला असता तर पहिल्या वर्गात आले असते.

अठराशे सत्तावनचा उठाव का फसला, त्याची सहा कारणं पुस्तकात ओळीनं दिली होती. मी चार वाचली. चौथं संपल्यावर श्वास घेतला आणि पुढचा धडा काढला. तिनं ट्यूब गुंडाळलेल्या बोटांवर मोजली – एक, दोन, तीन, चार.

मध्ये एकदा तिनं पुस्तक मागितलं होतं, एका दिवसापुरतं. मी म्हणाले, आण्णा घराबाहेरच्या कुणाला देऊ देत नाहीत. आण्णांना मी विचारलंच नव्हतं. पाणी मी तिच्या ओंजळीत वरून ओतायचे, पुस्तक तसं ओतता येत नाही ना. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तू वाचतीस ते बास हाय."

परीक्षा अहमदपूरला झाली. इतिहासाच्या पेपराला नेमका तोच प्रश्न आला. बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला. "कारणं आली बघ शकू. चारीच्या चारी लिहिली म्या." तिचा हात खडबडीत होता आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता.

मी पास झाले. गावातली पहिली. कालिंदाला गणितात माझ्यापेक्षा वीस गुण जास्त होते, पण इतिहास-भूगोलात नुसते एकतीस. पस्तीस पाहिजेत. तेव्हा एका विषयात गेलं की सगळंच गेलं. आण्णांनी गावात गूळ वाटला, त्या दुष्काळात. कालिंदाही आली आमच्या दारात. गुळाचा खडा घेतला, आणि म्हणाली, "माझंच ऐकण्यात कुठं चुकलं आसंल."

मी काय म्हणाले, विचारा ना. मी म्हणाले, पुढच्या खेपेला नीट ऐक.

पुढची खेप आलीच नाही. पावसाळ्यात तिचं लग्न लावून दिलं, धर्माबादला. तिथं मिरचीचा मोठा बाजार. मिरच्यांचे देठ खुडायचं काम तिनं पुढं जन्मभर केलं. हातोडी सुटली तेवढी.

दहाएक वर्षांनी लातूर जिल्हा झाला. नवी कचेरी, नवी टेबलं, जागा भरायच्या होत्या. माझं लग्न लातुरातच झालेलं, मॅट्रिकचा कागद होता, मला कारकुनाची नोकरी लागली. राखीव जागांना तेव्हा मॅट्रिक झालेल्या बाया मिळत नव्हत्या, अर्जांची चळत माझ्याच टेबलावरून जायची. त्याच सुमाराला तिचं कार्ड आलं. स्वच्छ अक्षर. ‘जिल्हा झाला म्हणे. शकू, मॅट्रिक नापास चालतं का तेवढं कळव.’ मी उत्तर धाडलं – चालत नाही. तेवढं एक मी तिला खरं सांगितलं.

पेन्शन घेते मी आता. त्याच कागदाची.

मागच्या वर्षी भाचीच्या लग्नाला धर्माबादला गेले होते. कालिंदाला कुठून कळलं कोण जाणे, मांडवातून ओढून घरी घेऊन गेली. अंगणात मिरच्या पसरलेल्या, मला शिंकांवर शिंका. आणि ओट्यावर आठ-दहा पोरी, पुस्तकं घेऊन. कालिंदानं गल्लीत रीतच पाडली आहे – दहावीच्या पोरींनी तिच्या ओट्यावर यायचं, एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ज्यांच्या हातात काम असेल त्यांनी काम करत ऐकायचं. मी आत पाय ठेवला तशी म्हणाली, "ही बघा माझी मास्तरीण आली." सगळ्या पोरींना माझं नाव माहीत होतं. माझ्या सख्ख्या नातीला मी कितवी शिकले ते माहीत नाही. आणि खोटं कशाला बोलू, या वयातही मला तिचं बघवलं नाही. त्या पोरी, तो ओटा, तिला मिळणारा तो मान. जित्याची खोड.

तिची नात प्रज्ञा मात्र तोंड फुगवून बसली होती. शेजारच्या पोरीला ती वाचून दाखवायला तयार नव्हती. "ती माझ्या फुडं जाईल ना आज्जी." मला त्या पोरीचं तोंड बघवेना. ओळखीचं होतं ते.

कालिंदा म्हणाली, "हिला इचार. मला वाचून दाखवलं म्हणून हिचं काय कमी झालं? पन्नास वर्सं झाली, अजून पाठ हाय मला." आणि डोळे मिटून सुरू झाली. अठराशे सत्तावन. माझी सोळा वर्षांची चाल, माझे श्वास. मिरच्यांनी लाल झालेली बोटं एकेक करून मिटत गेली. चौथं कारण झालं, तिनं श्वास घेतला, आणि थांबली. डोळे उघडून माझ्याकडं बघितलं.

"चारच हायत न्हवं गं, शकू?"

काय लागलं असतं मला? दोन राहिली, कालिंदा. एवढं म्हणायला दात लागतात का, बळ लागतं का? तिनं मला मारलं नसतं. कदाचित हसली असती. कदाचित तो एकतीसचा आकडा तिला आठवला असता, आणि ती गप्प झाली असती, आणि पोरींनी माझ्याकडं बघितलं असतं.

मी म्हणाले, "हाव. चारच."

प्रज्ञा उठली, शेजारच्या पोरीला जवळ बसवून घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. एक ओळ सोडत नव्हती. यातून चांगलं झालं असं मला म्हणायचं नाही. ते कालिंदाचं आहे, त्यात माझं काही नाही.

त्या धड्यातलं मला आज काही आठवत नाही. सालं गेली, नावं गेली. फक्त ठिपका दिलेल्या ओळी राहिल्या आहेत. पाचवं कारण – उठाव करणाऱ्यांत एकजूट नव्हती. सहावं – आपल्यातल्याच काहींनी त्यांना साथ दिली नाही. तिला चार पाठ आहेत. ही दोन माझ्याकडं आहेत.