बाबांचं धुण्याचं खातं

सकाळी सात वाजता बाबा खाकी शर्ट चढवायचे, गुंड्या गळ्यापर्यंत लावायचे आणि घरातल्या घरात कामावर जायचे. अंतर दहा पावलं. गॅलरीत आमचं वॉशिंग मशीन होतं, डावीकडे धुण्याचा टब आणि उजवीकडे ड्रायर. मशीनला हात लावून तो कपाळाला न्यायचे आणि म्हणायचे, "चला, खातं चालू." बनियनवर असताना त्यांनी त्या मशीनचं बटण कधी फिरवलं नाही.

बाबा गिरणीत कापड धुऊन पांढरं करायच्या खात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. आई शिक्षिका, तिच्या पगारावर नाहूरचं घर चाललं, पण बाबा खचले. दोन वर्षं ते खिडकीशी बसून होते. "काय करता सध्या?" असं कुणी विचारलं की उठून आत जायचे. आईने हे मशीन घेतलं ते स्वतःचे हात वाचवायला. पहिल्याच दिवशी बाबांनी त्याचा ताबा घेतला आणि तिला सांगितलं, "तू शाळा बघ. हे माझं खातं."

मग नियम आले. पहिली पाळी पांढऱ्या कपड्यांची, दुसरी रंगीत. "कापडाला घाई खपत नाही," हे आम्ही परीक्षेच्या दिवशीही ऐकून घेतलं. ड्रायरमध्ये कपडे बाबाच लावणार, कारण एका बाजूला भार गेला की तो धडधडत अख्खी गॅलरी हलवायचा. "बघितलंस? एकट्यावर ओझं टाकलं की असं होतं," म्हणत ते माझ्या भावाच्या हातात झाडू द्यायचे. पट्टा, पाइप, सगळं त्यांनी स्वतः बदललं. ड्रायरचं झाकण तुटलं तर फळी कापून नवं केलं. आईच्या कडक कॉटनच्या साड्यांचं शाळेत कौतुक व्हायचं आणि आई ताठ मानेने सांगायची, "आमच्या ह्यांच्या हातच्या आहेत."

सगळ्यांना हे रुचलं नाही. गावाहून आलेल्या थोरल्या काकांनी तोंडावर विचारलं, "बायलेची लुगडी धुतंस? लाज नाय वाटत तुका?"

बाबा साडी झटकत म्हणाले, "गिरणीत वीस वर्सां लोकांचा कापड धुतलंय. तेव्हा नाय वाटली, ती आता कित्याक वाटात?"

काकांचं सोडा, लाज मलाही वाटायची. गोरेगावची मंडळी मला बघायला येणार होती. मी तेवीस वर्षांची, अक्कल बेताची. "बाबा, मशिनरीचं काम करतो म्हणा ना," असं मी त्यांना चक्क पढवलं. पाहुणे यायच्या आधी मी मशीनवर चादर टाकली. बाबांनी ती ओढून काढली.

"चादर कशाला? मेलंय काय ते?"

चहा-पोहे झाले आणि मुलाच्या वडिलांनी विचारलंच, "आपण सध्या काय करता?" बाबा या वेळी उठून आत गेले नाहीत. "गिरणी बंद पडली. मिसेस नोकरी करतात, घरचं धुणं माझ्याकडे असतं. या ना, दाखवतो," म्हणाले आणि त्या गृहस्थांना गॅलरीत घेऊन गेले.

ते स्थळ मोडलं, आणि कारणही हेच असल्याचं फिरत फिरत कानावर आलं. मी रडत बसले तेव्हा बाबा शेजारी येऊन बसले. "तुझं नुकसान झालं असेल तर माफ कर गं. पण खोटं बोललो असतो तर उद्या सकाळी मशीनपुढे कुठल्या तोंडाने उभा राहिलो असतो?" त्या दिवशी मला आपल्या बापाचा पहिल्यांदा खरा अभिमान वाटला. पुढे माझं लग्न झालं, चांगलं झालं, आणि सासरी पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांना सांगून टाकलं की आमच्याकडे धुणं बाबा धुतात. कोणी विचारलंही नव्हतं.

बाबा गेल्या वर्षी गेले. ब्याऐंशी वर्षांचे होते, दुपारच्या झोपेतच गेले. दोन दिवसांनी भाऊ मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म भरायला बसला. एकेक रकाना भरून तो आईला वाचून दाखवत होता. नाव, वय, पत्ता झाला. मग म्हणाला, "व्यवसाय, गिरणी कामगार, निवृत्त."

आईने त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"निवृत्त खोड," ती म्हणाली. "मंगळवारी सकाळपर्यंत कामावर होते ते."