टपावरची अँटेना

सकाळी आमचे हे ट्रॅक्टरच्या टपावर चढून वायरलेसची नवी, उंच अँटेना बसवत होते आणि मी खाली केबल धरून उभी होते. टेकडीपलीकडच्या रानात मोबाइल लागत नाही, म्हणून आमच्या दोन्ही ट्रॅक्टरांत वायरलेस आहे. पण जुनी अँटेना आखूड, बॉनेटच्या कडेला लावलेली. मध्ये टेकडी आली की नुसती खरखर यायची. "टपावर लावू, मग पोहोचेल," असं माझा धाकटा दीर वसंता कितीदा म्हणाला होता. सुगी आटोपली की बघू, असं चाललं होतं.

गेल्या महिन्यात पलीकडच्या उतारावर वसंताचा ट्रॅक्टर उलटला. यांना वायरलेसवर खरखर ऐकू आली होती. ती रोजचीच, म्हणून हे नांगरत राहिले. संध्याकाळी शोधत गेले, तेव्हा वसंताच्या मुठीत माईक होता.

अर्ध्या तासाचं काम होतं. माणसाला शहाणपण येतं ते असं, तेरावा उरकल्यावर.

वसंताच्या, दुरुस्त होऊन आलेल्या ट्रॅक्टरवरही अँटेना बसवून हे तो घेऊन टेकडीपलीकडे गेले. मी इकडच्या ट्रॅक्टरमध्ये बसले.

"ऐकू येतंय का?" आवाज अगदी शेजारून आल्यासारखा आला.

"येतंय."

"नीट?"

"नीट येतंय."

माईकचं बटण त्यांनी दाबूनच धरलं होतं आणि त्यांचं रडणं मला स्पष्ट ऐकू येत होतं. एकाने बटण दाबून धरलं की दुसऱ्याचं बोलणं त्याच्यापर्यंत जात नाही. मी माईक हातात धरून नुसती ऐकत राहिले.