मोटारीची खांदेमळणी

मोटार दुरुस्त करायला सगळ्यात आधी लागतं ते चऱ्हाट. पाना नंतर. हे माझं मत मालकांना कधीच पटलं नाही, पण त्यांच्याकडे लागल्यावर पहिल्या वर्षात त्यांची मोटार सात वेळा बैलजोडीच्या मागे घरी आली, हे काही मी रचून सांगत नाही. मागच्या सीटखाली पंधरा हात चऱ्हाट मी कायम ठेवत असे. गावात मला 'बैलजोडीवाला मिस्त्री' म्हणत. मी तोंडदेखलं हसत असे आणि घरी येऊन जेवत नसे.

खरं म्हणजे मी मोटारीचा मिस्त्री नव्हतोच. कारंजाच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, ऑइल इंजिनाला तेल घालायचं माझं काम. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधी मालकांनी मोटार घेतली आणि मला विचारलं, "मोटारीतलं समजते काय तुले?"

मी म्हटलं, "इंजिन ते इंजिन, मालक. जिनातलं एका जागी उभं राह्यते, मोटारीतलं चालते. एवढाच फरक."

पुढे वर्षभर मालकांचं इंजिनही बहुतेक एका जागी उभंच राहिलं, त्यामुळे तोही फरक उरला नाही.

मालक इंझोरीकडच्या एका गावचे मोठे शेतकरी. त्यांच्या घराण्याकडे पोळ्याचं तोरण तोडायचा मान. आमच्याकडे पोळ्याला गावाबाहेरच्या आखरावर सगळ्या जोड्या सजवून उभ्या करतात, आडवं आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, आणि मानकऱ्यानं ते तोडलं की पोळा फुटतो. रिवाज असा की दिवस बुडायच्या आत मानकरी आला नाही, तर तोरण घराण्याच्या दुसऱ्या पातीनं तोडायचं. आणि एकदा मान गेला की गेला. दुसरी पाती म्हणजे मालकांचे चुलतभाऊ. ते दर पोळ्याला नवं धोतर नेसून तोरणापासून चार हातांवर उभे राहत आणि वाट बघत.

त्या वर्षी पोळ्याच्या सकाळी मालकांना आठवलं की त्यांच्या धुरेच्या बैलाची मखमली झूल कारंजाच्या शिंप्याकडेच राहिली आहे. "मोटार काढ," म्हणाले. "जाऊन येऊन दोन घंटे."

मोटार तयारच होती. नुसती तयार नाही, सजवलेली होती. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी झाली होती. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं, हा आमचा सण. मला वाटलं, मोटारीनं काय पाप केलं? तीही ओझं ओढते. बॉनेट आणि काच यांच्या मधोमध, अगदी बैलाचा खांदा असावा अशा जागी, त्या मोटारीच्या पेट्रोल टाकीचं झाकण होतं. मी मालकिणीकडून वाटीभर हळद-तूप मागून आणलं आणि त्या झाकणाला असं प्रेमानं चोळलं की बैलांनी हेवा करावा. सकाळपर्यंत ते सुकून खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीसारखं घट्ट बसलं होतं.

निघालो. तीन मैलांवर मोटारीनं आचके दिले आणि ती थांबली.

"काहून थांबली बे?"

"पाह्यतो, मालक."

झाकण उघडून पेट्रोल बघितलं, होतं. मग कार्बोरेटर खोलला, फुंकला, बसवला. हँडल मारलं, पहिल्या झटक्याला सुरू! मी मिशीवरून हात फिरवला. "कचरा होता."

आणखी तीन मैल, पुन्हा तेच. झाकण उघडलं, पेट्रोल होतं. या खेपेला प्लग काढून घासले. सुरू! "काजळी होती, मालक." असं काजळी, कचरा, तार, ठिणगी करत करत आम्ही कारंजाला पोचलो तेव्हा उन्हं माथ्यावरून कलली होती. झूल घेतली आणि तसेच परत निघालो.

परतताना मी आणखी एक शहाणपणा केला. मला वाटलं, ब्रेक चिकटत असावेत, म्हणून गाडी जड होऊन बसते. झाकण उघडून पेट्रोल बघितलं, मग मोटारीखाली शिरलो, ब्रेकची सळई सोडली, सैल केली, पुन्हा जोडली. मोटार चालू झाली आणि मालक पहिल्यांदाच म्हणाले, "आता शिकून राह्यला तू." सळईची खीळ माझ्या खिशातच राहिली होती, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

गाव चार मैलांवर असताना मोटार पुन्हा उभी राहिली. दिवस दोन कासरे वर होता.

मालक खाली उतरले. गुडघ्यामुळे त्यांना अर्धा मैलही चालवत नसे. घोडी होती, ती मोटार आल्यावर विकली होती. माझ्याच सल्ल्यानं. त्यांनी एकदा सूर्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"मिस्त्री, आज तोरण हुकलं तं उद्या तू जिनात. अन् मी... मी कोण्या तोंडानं आखरावर उभा राहू?"

त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. रागावलेले असते तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात बैल सजवून एक शेतकरी शेजारच्या गावच्या पोळ्याला निघालेला दिसला. शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, जोडी कशी नवरदेवासारखी! माझा हात सवयीनं सीटखाली चऱ्हाटाकडे गेला.

"दादा, जरा जोडी..."

तो मधेच थांबला. "आज? पोळ्याले? जू ठेवू म्हणता आज खांद्यावर?"

"नाही नाही," मालक घाईनं म्हणाले. "तो येडा हाये." पोळ्याचा मानकरी पोळ्याच्या दिवशी बैल जुंपून घरी आला असता, तर तोरण राहिलं बाजूला, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

शेतकरी हसला. "सोतालेच जुंपा ना, मिस्त्री. वर्षभर आमच्या बैलायनं तुमचं काम केलं, आज तुमी करा!" आणि तो जोडी घेऊन पुढे गेला.

मी चऱ्हाट खाली टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे मोटार दुरुस्त करण्याशिवाय दुसरा उपाय नव्हता. बांधावर बसलो आणि, जे वर्षभर केलं नव्हतं ते केलं, विचार केला. सकाळपासून सात ठिकाणी सात दोष सापडले आणि प्रत्येक वेळी मोटार सुरू झाली. माझ्यासारख्याला एका दिवसात सात दोष सापडावेत, हेच संशयास्पद होतं. मग सातही वेळा मी सारखं काय केलं? प्लग एकदाच घासले. कार्बोरेटर दोनदाच. सातही वेळा केलं ते एकच: पेट्रोल बघायला झाकण उघडलं.

उठलो. झाकणाला कान लावला आणि हळूच फिरवलं. आतून सुस्कारा आला, स्सूऽऽ! मोट बुडावी तशी हवा आत शिरली. झाकण उलटं केलं. त्याला मधोमध एक बारीकसं भोक असतं. पेट्रोल खाली उतरत जाईल तशी वरून हवा आत यावी म्हणून. त्या भोकात माझी हळद गच्च बसली होती. मोटारीचा श्वास मीच कोंडला होता, आणि तोही खांदेमळणी करून!

बाभळीचा काटा तोडला, भोक मोकळं केलं, झाकण धोतरानं पुसलं, हँडल मारलं.

"काय होतं?" मालकांनी विचारलं.

"घाण होती, मालक," मी म्हटलं. कोणाची, ते सांगितलं नाही.

मोटार अशी धावली की मागच्या वर्षभराची भरपाई व्हावी. एक मैल, दोन, तीन. आचका नाही, खोकला नाही. मी मोठ्यानं गात होतो आणि मालक मला गप्प बसवत नव्हते. आखराचा उतार दिसला तेव्हा दिवस क्षितिजाला टेकायला हातभर उरला होता. दोन्ही बाजूंना जोड्या उभ्या, मधे वाट, वाटेवर तोरण. आणि चुलतभाऊ चार हातांची जागा सोडून तोरणाकडे निघालेले.

"थांबव!" मालक ओरडले.

मी ब्रेक दाबला. पाय थेट तळाला टेकला. खिशात काहीतरी टोचलं, आणि ती खीळ होती. हातब्रेक तर मी आल्यापासून शोभेचाच होता.

"थांबव बे!"

"थांबत नाही ना, मालक! हात वर करा!"

इंजिन बंद केलं, भोंगा दाबून धरला. माणसं बाजूला झाली, बैलांनी माना फिरवल्या, आणि आमची बिनटपाची मोटार गाभण गाईसारख्या संथ चालीनं बरोबर वाटेच्या मधून उतरली. मालक गुडघा विसरून सीटवर उभे राहिले. चुलतभावांचा हात तोरणापर्यंत पोचायला वीतभर अंतर होतं, तेव्हा मालकांनी दोन्ही हातांनी तोरण पकडलं आणि ते तटकन तोडत आम्ही पलीकडे गेलो. पुढे कडब्याच्या गंजीत शिरलो आणि थांबलो.

 मग चुलतभाऊ ओरडले, "हे नाही चालत! तोरण मोटारीनं तोडलं!"

मालक कडब्यातून उठले. मूठ वर केली. "पानं कोणाच्या हातात हायेत, पाहून घे."

आणि पोळा फुटला! ढोल, धूळ, घुंगरं, आरोळ्या. झडत्या, म्हणजे पोळ्याची चिमटे काढणारी गाणी, म्हणणाऱ्यांपैकी एकानं लगेच नवी झडती जुळवली:

"तूप चोपडलं मोटारीले, मिस्त्री लागला बोंबलाले,
ब्रेक सांडला वाटेले, मालक लोंबले तोरणाले!"

तुपाची बातमी त्याला कोणी दिली, कोण जाणे. खांदेमळणीला जमलेल्या गड्यांपैकी कोणी असावा. मी झाकणाला तूप चोळत होतो तेव्हा ते बघून हसत होते.

गर्दी पांगल्यावर मालकांनी विचारलं, "ब्रेक काहून नाही लागला रे?"

मी खीळ काढून त्यांच्या हातावर ठेवली. "लागला असता, मालक, तं तुमी उतरून लंगडत तोरणापर्यंत जायच्या आधी भाऊंनी तोडलं असतं."

हे मी ठरवून केलं होतं असं मी म्हटलं नाही. नव्हतं असंही म्हटलं नाही. मालकांनी खीळ उलटीसुलटी करून पाहिली आणि मग ते इतके हसले की नवी झूल चढवलेला बैल दचकला. जिनाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि दिवाळीत मीही झाकणाच्या भोकाची खरी गोष्ट त्यांच्याजवळ कबूल करून टाकली.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मालकिणीनं मोटारीसाठी आपणहून वाटीभर हळद-तूप पाठवलं. वाटीत एक दाभण खोचलेलं होतं. आणणाऱ्या गड्यानं निरोप सांगितला, "पहिले भोक, मंग तूप म्हणे."