तेवढी एक गाडी चोरली नाही

गाडीचोरीचे गुन्हे मी नोकरीत इतके नोंदवले की बहुतेक तक्रारदारांचे चेहरेही आता आठवत नाहीत. हा एक गुन्हा मात्र मनातून जायला तयार नाही. निवृत्ती जवळ आली होती. बंगळुरात एचएसआर लेआउटच्या बाजूच्या एका स्टेशनात मी इन्स्पेक्टर होतो.

तक्रारदार पुण्याचा तरुण इंजिनिअर. टेबलावरच्या पाटीवर माझं आडनाव वाचून त्याचा चेहरा खुलला. "सर, तुम्ही मराठी? बरं झालं!" आमचं घराणं शिवकाळापासून इथलंच आणि आमच्या मराठीत निम्मं कन्नड आहे, हे मी त्याला सांगत बसलो नाही. त्यानं एका विधवा बाईकडून जुनी गाडी घेतली होती. गाडी नावावर झाली आणि आठवड्याभरात अपार्टमेंटच्या पार्किंगमधून गेली. काच फुटलेली नाही, अलार्म वाजलेला नाही.

"केवढ्याला घेतली?" मी विचारलं.

त्यानं आकडा सांगितला. बाजारभावाच्या जेमतेम निम्मा होता. मी मान वर केली तसा तो म्हणाला, "नवरा गेलेला सर, बाईंना भावातलं काही कळत नव्हतं. इंजिनमध्ये आवाज आहे म्हटलं, लगेच कमी केले. मस्त डील होतं."

"इंजिनमध्ये आवाज होता?"

"नाही हो. तसं म्हणावं लागतं."

मी एफआयआर नोंदवून घेतला. बाईच्या पत्त्यावर कॉन्स्टेबल पाठवला, तर घर रिकामं आणि फोन बंद. पुढे व्हाइटफील्डच्या स्टेशनातला माझा सहकारी बोलता बोलता म्हणाला, त्याच्याकडेही असाच एक गुन्हा आहे. गाडी वेगळी, बाई तीच. तिथल्या तक्रारदारानं तर खरी किंमत सांगायलाच किती वेळ लावला होता. लुबाडला गेलेला माणूस लाजतो, हे मला माहीत होतं. हा मात्र लुबाडला गेल्यामुळे लाजत नव्हता. आधी आपणच एका बाईला लुबाडलंय असं त्याला वाटत होतं, ते त्याला लपवायचं होतं. बाईमागे कुणीतरी होतं, आणि त्यानं गिऱ्हाइकांचा हाच स्वभाव ओळखून धंदा मांडला होता.

तपास तिथंच अडकला. आणि एके दिवशी शहरातल्याच हेब्बाळहून एक साठीचा गृहस्थ स्वतः गाडी चालवत स्टेशनच्या आवारात आला. आपल्यातलाच, जुन्या मराठी घरातला. शिवणकामाचं दुकान होतं. बायकोला डायलिसिससाठी इस्पितळात न्यावं लागे, म्हणून त्यानं एका विधवा बाईकडून ही गाडी घेतली होती. नावावर करायला गेला तेव्हा कळलं, की कागद खोटे आहेत आणि चेसिस नंबर आमच्या स्टेशनात चोरीची नोंद असलेल्या गाडीचा आहे.

तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "साहेब, त्या अक्काला कुणीतरी फसवलंय. चोरीची गाडी बिचारीच्या गळ्यात मारलीय. स्वल्प चौकशी करा."

आपली गाडी जाणार हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. इंजिनिअरची गाडी ती हीच, फक्त नंबरप्लेट बदललेली. प्रश्न एवढाच होता, की बाकीच्यांच्या गाड्या आठवड्यात गेल्या आणि याच्या दारात ही गाडी महिनोन् महिने कशी राहिली?

"त्या बाईचा नंतर फोन आला होता?"

"एकदा आला, वेगळ्या नंबरवरून. गाडी बरी चालते का, विचारलं. आणि म्हणाली, अण्णा, गाडीची कुलपं बदलून घ्या. मी सरी, बरं म्हटलं. करायचं राहूनच गेलं."

तो नंबर त्याच्या मोबाइलमध्ये होता. पलीकडे एका किराणा दुकानदाराचा फोन निघाला. बाई त्याच गल्लीत राहत होती. काळजीपोटी केलेल्या एका फोनमुळे ती सापडली. पोलिसाला ही गोष्ट फायद्याची असते, अभिमानाची नसते.

चौकशी महिला कॉन्स्टेबलसमोर, कन्नडमध्ये झाली. बाई पन्नाशीच्या पुढची. आरडाओरड नाही, रडणं नाही. मी मुद्दाम शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात केली. "हेब्बाळवाल्याची गाडी का नाही चोरलीत?"

हातातला पाण्याचा ग्लास तिनं खाली ठेवला. मग बोलायला लागली.

नवरा खरंच वारला होता. गाडी खरंच त्याची होती. इंजिनिअरनं ती मातीमोल भावानं घेतली, तेव्हा तिला काहीच कळलं नव्हतं. दिराला कळलं. तो जुन्या गाड्यांची दलाली करायचा. घरात पडलेली दुसरी किल्ली घेऊन त्यानं गाडी परत आणली, आणि मग त्याला चटकच लागली. दुसरी गाडी, दुसरे कागद, बाई तीच. राहायला घर त्याचं, खायला अन्न त्याचं, त्यामुळे ती नाही म्हणू शकली नाही.

"सगळे माझ्याशी खोटं बोलायचे सर. इंजिन गेलंय, रंग मारलाय, अपघात झालाय. मला वाईट वाटेनासं झालं. हा टेलरअण्णा आला. किंमत ऐकून म्हणाला, अक्का, तुम्ही चौकशी केली नाहीत, ही किंमत फार कमी आहे. माझ्यासमोर दोन ठिकाणी फोन लावून भाव विचारला आणि तेवढे पैसे दिले."

"मग?"

"दिरानं बनवून ठेवलेली जादा किल्ली मागितली. मी गटारात टाकली होती. त्यानं मारलं. मारू दे म्हटलं."

दीर दुसऱ्याच दिवशी हाती लागला. व्हाइटफील्डची गाडीही मिळाली. पैसे मात्र त्यानं कधीच उडवले होते.

आमच्या दृष्टीनं तपास तिथं संपला. टेलरची गाडी महजर करून, म्हणजे पंचनामा करून, जप्त केली. कोर्टाचा आदेश सरळ होता: चोरीचा माल मूळ मालकाला परत. मूळ मालक इंजिनिअर. गाडी न्यायला आला तेव्हा तो भोवती एक फेरी मारून म्हणाला, "सर, टायर नवीन आहेत की! बॅटरीपण!"

"ज्यानं टाकले त्याला त्याचे पैसे द्याल का?" मी विचारलं.

"कायद्यानं द्यावे लागतात?"

"नाही," मी म्हटलं. तो सही करून निघून गेला. त्यानं कुठलाही गुन्हा केलेला नव्हता.

टेलरकडे मी स्वतः गेलो. माझं ते काम नव्हतं, पण गेलो. तो मशीनवर बसला होता. त्याला आता रिक्षानं बायकोला न्यावं लागत होतं. मी त्याला सगळं सांगितलं, किल्लीचंही. तो शिवायचा थांबला. मला वाटलं, आता चिडेल, बाईला शिव्या देईल. त्याचा तो हक्कच होता.

"म्हणजे साहेब," तो म्हणाला, "तिनं ती गाडी मला खरोखरच विकली होती."

कागदोपत्री त्याला कुणीच काही विकलेलं नव्हतं.

दोषारोपपत्रात मी बाईचा जबाब किल्लीच्या उल्लेखासकट जोडला. सरकारी वकिलानं विचारलं, याचा उपयोग काय? खरं म्हणजे काहीच नव्हता. ती गोष्ट कुठल्याच कलमात बसत नव्हती. शिक्षा दोघांनाही झाली, बाईला थोडी कमी.

आता ओळखीतली मुलं जुनी गाडी घेताना मला विचारायला येतात. मी सांगतो, चेसिस नंबर स्वतः तपासा, दोन्ही किल्ल्या मागून घ्या, कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ते सगळं मोबाइलवर टिपून घेतात. मग मी म्हणतो, विकणाऱ्याला भाव ठाऊक नसेल तर तोही सांगा. तेवढं मात्र कुणी टिपून घेत नाही.