ज्याची गादी त्याच्या दारात

आमचं घराणं पिंजाऱ्यांचं. लातुरात अब्बांच्या दुकानात एकच कायदा होता: आपल्या हातची गादी जुनी होऊन आली की घ्यायची, कापूस पिंजायचा, नवी करून द्यायची. भूकंपानंतर किल्लारीकडून ढिगाऱ्यातल्या गाद्या आल्या, तेव्हाही अब्बा नाही म्हणाले नाहीत. एकीच्या कापसातून मातीबरोबर बांगडीच्या काचा निघाल्या. अब्बा खोकत पिंजत राहिले. "आपल्या हातची हाय," एवढंच म्हणायचे.

मग क्लासेस आले. गल्लीतल्या घरांवर मजले चढले, मजल्यांवर पोरं आली, पोरांखाली फोमच्या गाद्या आल्या. आमचा धंदा बसला, त्याचं मला फार वाटलं नाही, धंदे बसतातच. पण परीक्षा आटोपून पोरं गावी गेली की होस्टेलवाले दबलेला फोम आमच्या मागच्या नाल्यात फेकायचे. तो मेला कुजतही नाही. एका पावसाळ्यात नाला तुंबला आणि पाणी थेट दुकानात शिरलं. अब्बांचा सगळा कापूस गेला. आणखी एकदा असं झालं असतं तर दुकानाला कुलूपच लागलं असतं.

होस्टेलवाल्यांशी भांडून झालं होतं. मी बाजारात फोमवाल्या शेठकडे गेले. गल्लीतला सगळा माल त्यांचाच. प्रत्येक गादीला त्यांच्या दुकानाच्या नावाची पट्टी शिवलेली.

"इकला माल, संपला संबंध," शेठ म्हणाले. "मी काय कचरा गोळा करून राहिलो का?"

"नाव लावायला गादी तुमची, अन् नाला तुंबवायला आमची?"

त्यांनी हात झटकला. हे सगळं ते ऐसपैस बसून बोलत होते कापसाच्या गादीवर. ती मी ओळखली. अब्बांच्या हातची होती, दर दिवाळीला पिंजायला आमच्याकडेच यायची.

त्या दिवाळीलाही निर्लज्जासारखी आलीच. मी म्हणाले, "आल्या पावली परत पाठवा. इकली गादी, संपला संबंध."

अब्बांनी पिंजायच्या धनुकलीची तात ताणून पाहिली. "शेठ चुकला म्हणून आपून चुकायचं व्हय? आपली हाय, आपूनच घ्यायची."

आणि पिंजली, नेहमीसारखी मऊ. मला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला; राग जरा जास्तच.

पोचवायला मात्र मी गेले. हातगाडीवर नाल्यातून उपसलेला फोम रचला, शेठच्या पट्ट्या दिसतील असा. सगळ्यात वर स्वच्छ चादरीत गुंडाळलेली त्यांची गादी. भर बाजारातून ती वरात घाण वास सोडत गेली. शेठ नाक धरून बाहेर आले.

"ही काय घाण आणली?"

"अब्बांच्या हातची अब्बांनी घेतली, नवी करून दिली," मी म्हणाले. "आता तुमच्या तुम्ही घ्या. खालच्या उतरवल्याबिगर वरची मिळायची न्हाई."

शेठ खूप बोलले. आजूबाजूचे दुकानदार गोळा झाले. मी गाडीचा दांडा सोडला नाही. शेवटी त्यांनी नोकराला गोदाम उघडायला सांगितलं.

नाल्यात अजून बराच फोम होता. पण शेठची गादीही पुढच्या दिवाळीला येणारच होती.