हातपंपाला ई-मेल विचारणारा फॉर्म

एटापल्लीच्या आतल्या गावातून एसटीने गडचिरोलीला आलेल्या एका बाईंवर, २००३ सालच्या एप्रिलच्या पहिल्या सोमवारी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी अन्याय झाला. करणारी मी. सरकार नाही, ठेकेदार नाही, मी!

आमच्या संघटनेची वेबसाइट मी बनवली होती. त्याआधी चार वर्षं पत्रकंच लिहिली: मोठा ठसा, तीन उद्गारचिन्हं, खाली ‘प्रचंड संख्येने उपस्थित राहा’. मग बसस्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत एचटीएमएल हाती लागलं आणि माझं डोकंच फिरलं. दुसऱ्यांची पानं उघडायची, आतला कोड बघायचा, आवडला तो तुकडा उचलून फ्लॉपीत टाकायचा. फ्लॉपीवर पेनने लिहिलं होतं, ‘कामाचे तुकडे’. लुकलुकणारी अक्षरं, पळती ओळ, माउसच्या मागे सांडत जाणाऱ्या चांदण्या. सगळे तुकडे मी एकाच पानावर लावले. ‘पाणी आमच्या हक्काचं!!!’ उजवीकडून डावीकडे धावायला लागलं तेव्हा मी खुर्चीवरून उडीच मारली. पत्रक कधी पळतं का? माझं पळत होतं!

सगळ्यांत लाडका तुकडा होता फॉर्म तपासणारा. एखादी चौकट रिकामी राहिली की टण्ण वाजून दटावणारी खिडकी उघडायची. विमानाच्या तिकिटांच्या कुठल्याशा पानावरून आणला होता. खिडकीतली वाक्यं तेवढी मराठी केली. बाकीचा वाचला नव्हता, नुसता चिकटवला होता.

त्या सोमवारी तीन वाजता जिल्ह्याच्या कचेरीत पाण्याच्या तक्रारींची बैठक होती. आम्ही ऐटीत लेखी कळवून बसलो होतो की आता कागद बंद, संघटनेची यादी वेबसाइटवरूनच छापून येईल आणि यादीबाहेरचं गाव आम्ही मांडणार नाही. दोनला लोडशेडिंग. म्हणजे दोनच्या आत तक्रार भरून यादी छापायची. बाईंच्या गावातला एकुलता एक हातपंप होळीपासून बंद होता. नाल्याच्या वाळूत खड्डा खणायचा, वाटीवाटीने हंडा भरायचा, असं चाललेलं. आणि पुढची बैठक थेट मे महिन्यात.

बाईंना कॅफेत शेजारी बसवून मी पान उघडलं. बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. बोट ओळीच्या मागे सरकत सरकत पडद्याच्या बाहेर गेलं.

“हे काऊन पळून राह्यलं?”

“घोषणा आहे ती, बाई.”

“थांबव ना त्याले! चवथी शिकली मी, पन वाचाले घेतलं का पळते. पाणी म्हणते अन् पळते!”

कॅफेवाले भाऊ हसून हसून काउंटरवर आडवे झाले. मी हिरमुसून फॉर्मकडे वळले. नाव झालं, गाव झालं. मग ई-मेल.

“म्हंजे?”

“कॉम्प्युटरवरचा पत्ता.”

“मी कायले कॉम्प्युटरवर राहीन वं? माहं घर गावात हाये.”

चौकट रिकामी ठेवून बटण दाबलं. टण्ण! ‘कृपया योग्य ई-मेल लिहा.’ फोन नाही. टण्ण! पिन कोड आठवेना. टण्ण!

“कचेरीच्या खिडकीवरचा बाबू बी मले परतच धाडते,” बाई म्हणाल्या, “पन तो घंटी नाई वाजवत.”

माझे कान तापले. त्या बाबूविरुद्ध मी दोन पत्रकं काढली होती, ‘कागदांच्या नावाखाली जनतेला परत पाठवणे बंद करा!!!’ आणि आता तोच बाबू मी स्वतःच्या हाताने घडवला होता, वर त्याच्या मागे चांदण्या सोडल्या होत्या.

भाऊ म्हणाले, “माहा ई-मेल टाक ना, काम भागव.”

“अन् पंप तुमच्या घरी दुरुस्त झाला म्हंजे?” बाई म्हणाल्या.

एक वीस. मी नोटपॅडमध्ये तो तुकडा उघडला. सापडलंच: ई-मेल रिकामा असेल तर अडव. रागाच्या भरात त्या ओळी पुसून टाकल्या आणि बटण दाबलं. घंटी नाही, खिडकी नाही, काहीच नाही.

“आता त बेसुद्दच पडला,” बाई म्हणाल्या.

भाऊ माझ्या खांद्यावरून एकेक ओळ बोटाने वाचत गेले. कंसाची सुरुवात मी पुसली होती आणि बंद करणारा कंस तसाच लोंबकळत ठेवला होता. तेवढ्याशाने सगळा कोड संपावर! तो कंस उडवला. फोन उडवला, पिन कोड उडवला. पत्त्याच्या चौकटीत तीसच अक्षरं मावत होती, ती मर्यादाही उडवली. हात शिवशिवत होते म्हणून चांदण्यासुद्धा गेल्या आणि पळती ओळ जागच्या जागी उभी राहिली.

“सांगा बाई, पंप कुठे आहे?”

“शाळेच्या मांगं, मोहाच्या दोन झाडायच्या मंधात. दांडा वर अडकते, खाली येत नाई.”

‘तक्रार मिळाली.’ बाईंनी टाळी वाजवली, भाऊंनी वाजवली, मी तर कॅफेभर नाचले! प्रिंटर किर्रकिर्र करत यादी ओकू लागला. शेवटची ओळ उमटली, मी कागद खेचला आणि डोक्यावरचा पंखा थांबला.

बैठकीत मोहाची दोन झाडं जशीच्या तशी वाचली गेली. पंधरवड्याने त्या बाई मला एटापल्लीच्या बाजारात भेटल्या.

“दांडा खाली येते आता,” त्या म्हणाल्या. “अन् तुह्यं पळनारं?”

“थांबलं, बाई.”

म्हणून पानं बनवणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, आणि ही विनंती नाही. दुसऱ्याचा तुकडा जरूर उचला, पण ओळ न् ओळ वाचल्याशिवाय चिकटवू नका. आणि आजच्या आज आपला फॉर्म उघडा. ई-मेल रिकामा, फोन रिकामा, पिन कोड रिकामा ठेवून बटण दाबा. टण्ण वाजलं तर तुमच्याही दारातून कुणीतरी परत गेलं आहे. ती ओळ पुसा. कंसासकट!!!