एकसष्ट नंबरचा फॉर्म

कुणी म्हणालं, मांजर आडवं गेलं आणि काम फिसकटलं, की मी विचारते — मांजर आडवं गेलं नाही त्या दिवशी किती कामं फिसकटली, ते मोजलंत का? नातेवाइकांत त्यामुळे माझी ख्याती फारशी चांगली नाही. माझी मोठी मावशी म्हणते, हिच्यापुढे नारळ नासका निघाला तरी ही आधी टक्केवारी काढेल. तेव्हा या सदरातले गूढ अनुभव मी आजवर चहाबरोबर, हसत हसत वाचत आले. आपल्यावर इथे लिहायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं...

आम्ही मूळचे परभणीकडचे, पण आजोबांपासून हैदराबादेत. काचीगुडा स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर घर. घरात मी आणि आई, दोघीच. आई तेव्हा जामबागच्या एका शाळेत क्लार्क होती आणि त्या मे महिन्यात रिटायर होणार होती. मी एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या सेमिस्टरला. गच्चीबावलीच्या एका कंपनीचं ऑफर लेटर हातात होतं, अट एकच — जूनपर्यंत डिग्री पूर्ण पाहिजे.

आणि डिग्रीची अट होती थीसिस. आमच्या डिपार्टमेंटमध्ये नेटवरून उचललेला डेटा चालत नाही. स्वतः दारोदार फिरून गोळा केलेला हवा. माझा विषय होता घरात पडणारी म्हातारी माणसं. सत्तरीपुढचा, एकटा राहणारा माणूस एकदा पडला की पुन्हा पडेपर्यंत किती दिवस जातात? नल्लकुंट्यातली अशी एकशे वीस घरं रँडम नंबरांनी निवडली होती. यादीत फक्त घर नंबर, नावं नाहीत. डिसेंबरमध्ये पहिला फॉर्म भरायचा आणि मार्चमध्ये परत जाऊन विचारायचं, मधल्या काळात काय झालं.

माझ्या गाइड पद्मजा मॅडम कडक. घर बंद असेल तर तीनदा जायचं. तरी बंद असेल तर फॉर्म कोरा ठेवायचा, शेजारचं घर घ्यायचं नाही. पाचापेक्षा जास्त फॉर्म कोरे राहिले तर त्या सही करत नसत, म्हणजे थीसिस पुढच्या वर्षी.

माझी नऊ घरं बंद निघाली. तीन-तीनदा जाऊनही बंदच.

मग मी तेच केलं जे आमच्यातली निम्मी पोरं करतात आणि कुणीच कबूल करत नाही. संक्रांतीच्या सुट्टीत जेवणाच्या टेबलावर बसून नऊ माणसं तयार केली. नावं, वयं, आजार, सगळं. एकसष्ट नंबरच्या फॉर्मवर लिहिलं — सत्यनारायण राव, वय चौऱ्याहत्तर, शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, दोनदा पडले. एकदा बाथरूममध्ये, एकदा दिवाळीची दिव्यांची माळ उतरवताना स्टुलावरून. डावं मनगट मोडलं, मुलगी मस्कतला. खाली तिरकी, लांब शेपटीची सही ठोकली. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू?

शहाणपणा तिथेच थांबायला हवा होता. पण मार्चमध्ये पुन्हा कोण ही नऊ घरं करणार? म्हणून त्यांची दुसरी फेरीसुद्धा मी जानेवारीतच एक्सेलमध्ये भरून ठेवली. पुढच्या तारखा टाकून. एकशे वीस म्हाताऱ्यांत एकही मृत्यू नसेल तर डेटा बनावट वाटतो, म्हणून एक मृत्यूही टाकला. कुणाच्या नावावर टाकायचा? जो समोर आला त्याच्या. एकसष्ट नंबर, तारीख पाडव्याच्या आदल्या दिवसाची.

मार्चमध्ये एका दुपारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. रँडम नंबरचं टेबल उघडून दहा फॉर्म काढले आणि म्हणाल्या, चल, आत्ताच्या आत्ता यातल्या काही घरी जाऊन खातरजमा करू. दहातले दोन मी टेबलावर बसून रचलेले होते. त्यातला एक एकसष्ट. ऑटोत मॅडम त्यांच्या सुनेबद्दल काहीतरी बोलत होत्या, मला एक शब्द कळत नव्हता. दार बंदच असणार, मग मॅडम शेजारी विचारणार आणि आपलं वर्ष गेलं... आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दार उघडं होतं. पायरीवर एक उंच, वाळकेसे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. डाव्या मनगटाला पट्टा.

मला बघून ते हसले. "आओ अम्मा. दिसंबर में आई थी ना तुम, बैठ के सब लिख के ले गई."

मी त्या माणसाला जन्मात पाहिलं नव्हतं. मॅडमनी नाव विचारलं... सत्यनारायण राव. हे मी पचवलं, हैदराबादच्या कुठल्याही गल्लीत या नावाने हाक मारली तर दोघं तरी वळतील. मास्तर असण्याची शक्यता धरा विसात एक. मुलगी आखातात, दहात एक. मी मनातल्या मनात गुणाकार करत राहिले. पण दिव्यांची माळ? स्टूल? मग मॅडमनी फॉर्म पुढे केला आणि सही तुमचीच का म्हणून विचारलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, नीट बघितलं.

"हौ, मेरीच है."

मॅडमना खात्री हवीच असते. त्यांनी कोऱ्या कागदावर पुन्हा सही मागितली. तीच तिरकी, तीच लांब शेपटीची.

दुसरं घर दोन गल्ल्या सोडून, कमलम्मा म्हणून बाई. त्याही मीच तयार केलेल्या, आणि त्याही दारात उभ्या. मॅडमनी विचारलं, मधल्या काळात पडलात का? हो, म्हणाल्या, गेल्या बुधवारी अंगणात पाय घसरला. गेल्या बुधवारची ती तारीख मी जानेवारीत टाइप केली होती.

परतताना मॅडम माझ्या कामावर खूष होत्या. वीस वर्षांत इतका स्वच्छ डेटा पाहिला नाही, म्हणाल्या.

घरी येऊन फाइल उघडली. एकसष्टव्या ओळीत माझाच टाइप केलेला मृत्यू होता. पाडव्याला आठ दिवस राहिले होते. त्या संध्याकाळी मी जेवले नाही, तेव्हा आईने खोदून खोदून विचारलं आणि मी सगळं ओकले. आई भुताबितांबद्दल काही बोलली नाही. शांतपणे म्हणाली, "मुक्ता, उद्या मॅडमकडे जा आणि ही नऊ माणसं काढून टाका म्हणून सांग. माझ्या पेन्शनवर निघेल की एक साल. नक्को परेशान होऊ."

मी हो म्हणाले आणि गेले नाही. याची लाज मला आजही वाटते. डोळ्यांसमोर ऑफर लेटर होतं, मॅडमचा खूष चेहरा होता. शिवाय मी स्टॅटिस्टिशियन ना! दोन योगायोगांसाठी कोणी करिअर सोडतं का? पण मग मला झोप का येत नव्हती?

शेवटी मधला मार्ग काढला. आमच्या फाइलमध्ये आकड्यांचे कोड असतात. एक म्हणजे पडले, दोन म्हणजे वारले, तीन म्हणजे ठीक आहेत. तीन लिहायचा तर मार्चअखेर त्यांच्यासमोर बसून सही घ्यावी लागते. त्या सहीसमोर पुन्हा बसायची माझी छाती नव्हती. आणि तो दोन तर मला त्याच क्षणी तिथून घालवायचा होता. नऊ या कोडला मात्र काहीच लागत नाही. सही नाही, कागद नाही. नऊ म्हणजे या माणसाचा ठावठिकाणा लागला नाही. घर सोडून गेले, संपर्क तुटला, असं प्रत्येक सर्व्हेत होतं. मी दोन खोडला, नऊ टाकला आणि फाइल सेव्ह केली. एवढं हलकं वाटलं की आईला आवाज देऊन वरणभात मागितला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मात्र राहवलं नाही. दुपारी दोनला त्यांच्या घरी गेले. राव गारूंनी, म्हणजे रावजींनी, कारण विचारलं नाही. मुरुक्कूचा, म्हणजे आपल्या चकल्यांचा, डबा पुढे केला, जुन्या चित्रांच्या वह्या दाखवल्या. पेन्सिलीने काढलेले हात होते नुसते, शाळेतल्या मुलांचे. मी स्टूल उचलून गच्चीत ठेवून आले, बाथरूमची फरशी पायपुसण्याने कोरडी केली, गॅसचं बटण दोनदा बघितलं. ते हसत होते. साडेपाचला मी उठले तेव्हा ते ठणठणीत होते आणि दारापर्यंत पोचवायला आले. कसला कोड आणि कसलं काय, असं म्हणत मी बसमध्ये चढले.

पाडव्याला सकाळी आईने पुरणपोळ्या बांधून दिल्या. उगादीचा, तेलुगू पाडव्याचा दिवस; घरोघरी कडुनिंबाच्या फुलांची पचडी, आणि म्हातारा माणूस एकटा. फाटकाला कुलूप होतं. शेजारच्या बाई आंब्याच्या पानांचं तोरण बांधत होत्या, त्यांनी मान वळवून सांगितलं, "अंकल कल शाम को पचडी के वास्ते नीम के फूल लाने गए. अब्बी तक नै आए."

ते आजपर्यंत आलेले नाहीत.

पोलिसांत तक्रार झाली. दवाखाने झाले, शवागारं झाली, स्टेशनं झाली. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात ते हातात पिशवी घेऊन वळताना दिसतात. पुढच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात कुणीच येत नाही. मधे साठ-सत्तर पावलांची सरळ भिंत आहे. ना गल्ली, ना मॅनहोल. मी ती चालून मोजलीय.

मी मॅडमकडे गेले, पण उशिरा, थीसिस बांधून झाल्यावर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुला ताप आहे का? त्या माणसाने माझ्यासमोर सही केली, त्याचा फॉर्म खोटा कसा असेल? डिग्री मिळाली, नोकरी मिळाली. बाकीच्या सात घरांकडे मी फिरकले नाही, माझ्यात ती हिंमत नाही.

मे महिन्यात मला फोन आला. त्यांची मुलगी सरिता मस्कतहून आली होती. फॉर्म भरताना आम्ही लोकांना नाव-नंबरची चिठ्ठी देतो, ती तिला कॅलेंडरमागे सापडली. मी अशी चिठ्ठी त्या घरात कधीच दिली नव्हती, पण अक्षर माझंच होतं. तिला तो फॉर्म हवा होता. वडिलांशी शेवटचं सविस्तर कोण बोललं असेल तर तू, म्हणाली.

काय सांगणार होते मी? झेरॉक्स घेऊन गेले. त्याच पायरीवर बसून तिने एकेक ओळ बोट ठेवून वाचली. शेवटचा प्रश्न असतो, 'आणखी काही सांगायचे आहे का?' तिथे कोरं दिसू नये म्हणून मी संक्रांतीला टाइमपास म्हणून लिहिलं होतं... मुलगी फोनवर विचारते तेव्हा मी ठीक आहे म्हणतो, तिने तिकडे काळजी करू नये.

सरिताने तोंडावर ओढणी धरली. बराच वेळ रडली. मग डोळे पुसून वडिलांबद्दल म्हणाली, "नान्ना ऐसाच बोलते." आणि माझा हात हातात घेऊन थँक्यू म्हणाली.

ती अजून दर महिन्याला फोन करते, काही कळलं का म्हणून. ती फाइल माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. एकसष्टव्या ओळीत नऊ आहे. तो काढून तीन टाकला तर? ठीक आहेत, घरी आहेत... एवढंच तर टाइप करायचं आहे. मी दोनदा फाइल उघडून तिथपर्यंत गेलेय. पण नऊसुद्धा मी त्यांच्या भल्यासाठीच टाकला होता. तीन टाकल्यावर त्या दारातून कोण परत येईल हे मला माहीत नाही, म्हणून मी ती फाइल तशीच बंद करते आणि सरिताला सांगते, अजून काही कळलं नाही.